शब्द पाठ आहेत, पण बोलताना सापडत नाहीत

प्रश्न : माझी मुलगी दहावीपर्यंत निफाड तालुक्यात मराठी माध्यमातून शिकली. सध्या ती नाशिकमध्ये मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज वीस इंग्रजी शब्द अर्थासह पाठ करते, पण तोंडी परीक्षेत ते आठवत नाहीत. उच्चारांना वर्गातली मुले हसतात, म्हणून ती बोलणेच टाळते. पुढच्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यू आहेत. स्पोकन इंग्लिशचा महागडा क्लास लावावा का? — एक पालक

सप्रेम नमस्कार.

आपली मुलगी कष्टांत कोठेही कमी पडलेली नाही, हे आपण तिला आधी सांगावे. केवळ अर्थासह पाठ केलेला शब्द वाचताना ओळखता येतो, परंतु बोलताना तो आपणहून आठवावा लागतो आणि त्या आठवण्याचा वेगळा सराव करावा लागतो. तो तिच्याकडून झालेला दिसत नाही. म्हणून रोजच्या वीस शब्दांऐवजी पाच किंवा सहाच शब्द घ्यावेत, आणि तेही अडगळीतले भारदस्त शब्द नसावेत. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सुमारे २,००० शब्दांच्या यादीत सर्वसाधारण इंग्रजी मजकुराचा जवळजवळ ८० टक्के भाग सामावतो, तर भाषाअभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये मांडलेल्या ५७० शब्दगटांत (मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे मिळून एक गट) अभ्यासाच्या पुस्तकांतून वारंवार भेटणारे शब्द आहेत. या दोन्ही याद्या इंटरनेटवर सहज मिळतात. तांत्रिक शब्द तिला तिच्या पाठ्यपुस्तकांतूनच मिळत आहेत. अडचण त्यांना जोडणाऱ्या साध्या वाक्यांची असते.

शब्द वहीत उतरवताना तो एकटा लिहू नये, त्याच्या सोबत येणारे शब्दही लिहावेत. मराठीत आपण चूक ‘करतो’, त्यामुळे ‘डू मिस्टेक’ असे तोंडात येते, तेथे ‘मेक अ मिस्टेक’ हवे. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ लागत नाही, तरी आपण ते सर्रास लावतो. अशा जोड्या व्याकरणाच्या नियमांतून सुचत नाहीत, त्या आख्ख्याच लक्षात ठेवाव्या लागतात. दुसऱ्या दिवशी, चार दिवसांनी, आठवड्याने आणि महिन्याने मराठी अर्थ पाहून इंग्रजी शब्द आठवावा व त्याच वेळी तो शब्द घालून स्वतःच्या वर्कशॉपबद्दल एक वाक्य मोठ्याने म्हणावे.

उच्चारांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिच्या गप्प बसण्याचे कारण तेच आहे. देवनागरीत आपण जसे लिहितो तसेच बहुतांशी वाचतो आणि प्रत्येक अक्षराला साधारण सारखे वजन देतो. इंग्रजीत मात्र शब्दातील एका अवयवावर (सिलेबलवर) जोर पडतो आणि बाकीचे स्वर पुष्कळदा दुबळे होतात. ‘टेम्परेचर’मध्ये जोर ‘टेम्’वर असतो, ‘कंपोनंट’मध्ये ‘पो’वर, ‘डेव्हलप’मध्ये (डि-व्हे-लप) ‘व्हे’वर आणि ‘इंजिनिअर’मध्ये शेवटच्या ‘निअर’वर. जोर चुकला तर प्रत्येक ध्वनी बरोबर असूनही ऐकणाऱ्याला शब्द ओळखायला वेळ लागतो, म्हणून सुधारणेची सुरुवात येथून करावी. चांगल्या शब्दकोशात उच्चाराच्या खुणांमध्ये जोर असलेल्या अवयवाच्या आधी वर एक छोटी उभी रेघ असते, आणि मोबाइलवरील शब्दकोशात उच्चार ऐकताही येतो. प्रत्येक नव्या शब्दातील जोराचा अवयव तिने वहीत अधोरेखित करावा.

त्यानंतर दोनच ध्वनिभेद घ्यावेत. पहिला ‘व्ह’ आणि ‘व’चा. द्राक्षाच्या वेलीला ‘व्हाइन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला हलके टेकतात, आणि ‘वाइन’ म्हणताना दात न लागता ओठ गोल होतात. नाशिकच्या मुलीला ही जोडी विसरता येणार नाही. ‘व्ह’ लिहिला तरी बोलताना त्यात ‘ह’ मिसळू नये. दुसरा भेद ऱ्हस्व आणि दीर्घ ‘इ’चा : ‘शिप’ आणि ‘शीप’, ‘फिल’ आणि ‘फील’. आपण हा फरक लेखनात पाळतो, बोलण्यात तो निसटतो. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वर मात्र मराठीने स्वीकारलेले असल्याने तेथे तिला फारसे कष्ट पडणार नाहीत.

रोज पंधरा मिनिटे इंग्रजी बातम्यांतील तीन-चार वाक्ये ऐकावीत, निवेदकाच्या मागोमाग म्हणावीत आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ताडून पाहावीत. वाचनासाठी इंग्रजी वर्तमानपत्रातील रोज एक बातमी पुरेशी आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून उभे आहे. त्याच्यासारख्या ठिकाणी जाऊन बसण्याची सवय लागली तर उत्तमच.

मराठी वळण पुसून टाकण्याच्या मागे तिने लागू नये, असे माझे ठाम मत आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मुलाखत घेणारे अधिकारीही बहुधा घरी मराठी किंवा हिंदी बोलणारेच असतात. उमेदवाराने आपला प्रोजेक्ट समजेल असा मांडावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते. हसणाऱ्या मुलांपुढे सराव करण्याची गरज नाही. विश्वासातल्या एका मैत्रिणीबरोबर रोज दहा मिनिटे एकेका मशीनविषयी इंग्रजीत बोलणे अधिक उपयोगाचे ठरेल.

क्लासचे पैसे भरण्यापूर्वी एक तास प्रत्यक्ष बसून पाहावे आणि त्या तासात प्रत्येक विद्यार्थी स्वतः किती वेळ बोलला, याकडे लक्ष द्यावे. शिक्षकच बोलत असतील आणि मुले लिहून घेत असतील, तर ते पैसे खर्चू नयेत. लहान बॅच असेल, मुलांना बोलते केले जात असेल आणि चुका तेथल्या तेथे शांतपणे सुधारल्या जात असतील, तर मुलाखतींच्या आधीचे तीन महिने तो क्लास जरूर लावावा.