रक्तातला जंतुसंसर्ग आणि फेज उपचार: तुमचे प्रश्न

रक्तात आधीच जंतू असताना वरून विषाणू सोडायचे, हे धोक्याचं नाही का?

बॅक्टेरियोफेज, म्हणजे फेज, हा फक्त जिवाणूंना धरून मारणारा विषाणू. आपल्या पेशींवर त्याला चिकटायला जागाच सापडत नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जिवाणूंची दुधट साय धरलेली असते. तिच्यावर फेजचा थेंब टाकून रात्रभर ठेवलं की सकाळी तेवढ्याच जागी काचेसारखा स्वच्छ ठिपका दिसतो. कितीदाही पाहिलं तरी माझी नजर त्यावरून हटत नाही.

मात्र शिरेतून द्यायचा फेज अतिशय शुद्ध लागतो. तो जिवाणूंमध्येच वाढवतात, त्यामुळे फुटलेल्या जिवाणूंचं एंडोटॉक्सिन हे विष द्रावणात उरलं, तर ताप चढतो, रक्तदाब कोसळू शकतो.

वडिलांच्या ब्लड कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, क्लेबसिएला हा जिवाणू निघाला. बरीच अँटिबायोटिक्स लागू पडत नाहीत. फेजची तयार बाटली चालेल का?

तुमची घालमेल समजते, पण बहुधा नाही. क्लेबसिएलाच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं जाड आवरण असतं. त्याचे ७०हून अधिक प्रकार आहेत, आणि एका प्रकारावरचा फेज दुसऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. म्हणून वडिलांच्याच रक्तातला जिवाणू घेऊन त्यावर फेज तपासून पाहावे लागतात. जुळणारा सापडेपर्यंत दिवस, कधी आठवडे जातात. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा, तर तासांचा हिशेब असतो. फेजची वाट पाहत अँटिबायोटिक थांबवू नका, ही माझी कळकळीची विनंती. शरीरात घातलेल्या नळीवर (कॅथेटरवर) जंतूंचा थर जमला असेल, तर ती नळी बदलायची का, हेही डॉक्टरांना विचारा.

मग याने कुणी बरं झालंय का?

हो. २०१६ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोला टॉम पॅटरसन यांना असिनेटोबॅक्टर या जिवाणूचा संसर्ग होता, औषधं थकली होती आणि ते कोमात होते. शिरेतूनही फेज दिले, सोबत अँटिबायोटिक्स चालूच होती. ते शुद्धीवर आले आणि पुढे बरे झाले. पण एका रुग्णावरून सगळ्यांना भरवसा देणं मला पटत नाही. मोठ्या, काटेकोर चाचण्या व्हायलाच हव्यात.

जिवाणू फेजलाही दाद देईनासे होतील ना?

होतात, आणि लवकर होतात. पॅटरसन यांच्या उपचारातही फेज बदलावे लागले. पण इथे जिवाणूला किंमत मोजावी लागते. फेज ज्या आवरणाला धरतो ते टाकून दिलं, तर तो फेजपासून वाचतो, पण आपल्या प्रतिकारशक्तीसमोर उघडा पडतो. कधीकधी निकामी झालेलं अँटिबायोटिकही पुन्हा लागू पडतं. म्हणूनच दोन्ही एकत्र देण्याकडे माझा कल आहे.