दोन सिझर झालीयेत, तिसरं बाळंतपण नॉर्मल होऊ शकतं का?

होऊ शकतं. पण तुमचं होईल का, हे तुमच्या आधीच्या ऑपरेशनच्या कागदावर लिहिलेलं असतं आणि तुमच्या एवढ्या मोठ्या प्रश्नात त्या कागदाचं नावच नाहीये, म्हणून जरा लांबण लावतेय.

तुम्ही लिहिलंय की पाचवा महिना आहे, पहिलं सिझर बाळ पायाळू म्हणून, दुसरं "आधीचं सिझर आहे ना, मग हेही सिझरच" म्हणून तारीख काढून केलं, कळा कधी आल्याच नाहीत, आणि धाकटा आता साडेतीन वर्षांचा आहे. तालुक्याच्या गावी नाव घातलंय आणि तिथल्या मॅडम फाईल न उघडताच नाही म्हणाल्या. राग आलाय तुम्हाला, आणि तो मला चांगलाच कळतो, कारण मीही दोन सिझरनंतर नॉर्मलचा हट्ट धरून बसले होते. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. तीन सिझर झालेली बाई आहे, शेवटचं २०२२ ला.

माझी पहिली मुलगी २०१४ ची, माहेरी सोलापूर जिल्ह्यात झाली, तीही पायाळूच. दुसऱ्या वेळी, २०१८ ला, पुण्यात होते. तिथले डॉक्टर नॉर्मल ट्राय करायला तयार झाले, रात्रभर कळा काढल्या, पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं, दोन तास जोर लावला, पण बाळाचं डोकं खाली येऊन जे अडकलं ते अडकलंच. मग पळापळ करत ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात. मुलगा सुखरूप, मी सुखरूप. डिस्चार्ज कार्डावर चार अक्षरं, एलएससीएस, म्हणजे पिशवीच्या खालच्या भागावर छेद घेऊन केलेलं सिझर. पोटावरचा टाका आडवा, पहिल्याच्याच रेघेवर. मला वाटलं सगळं नेहमीसारखंच आहे.

तिथंच मी फसले. पोटावरचा छेद वेगळा आणि आत पिशवीवरचा वेगळा. वरून कातडी आडवी कापलेली असली तरी आत पिशवी उभी कापलेली असू शकते, आणि नॉर्मलचं सगळं गणित त्या आतल्या छेदावर चालतं. "एकदा सिझर की कायम सिझर" हे आपल्या आज्यांचं वाक्य वाटतं ना, पण ते न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन नावाच्या डॉक्टरांचं आहे, १९१६ सालचं. त्या काळी पिशवीच्या वरच्या जाड भागावर उभा छेद घ्यायचे, आणि कळांमध्ये जोर करतो तो नेमका हाच भाग, त्यामुळे टाका फाटायची भीती खरीच मोठी होती. पुढे खालच्या पातळ भागावर आडवा छेद घ्यायची पद्धत आली, ग्लासगोच्या मन्रो कर यांनी ती रूढ केली. तो भाग कळांमध्ये फारसा आवळला जात नाही, म्हणून टाका बराच टिकतो. छेद बदलला, वाक्य मात्र शंभर वर्षं तसंच फिरतंय.

आता आकडे, कारण तुम्ही ते विचारलेत. एकच सिझर झालेलं असेल आणि छेद आडवा असेल तर नॉर्मल ट्राय करणाऱ्या शंभरातल्या साधारण ६० ते ८० जणींचं नॉर्मल होतं आणि पिशवी फाटण्याचा धोका साधारण २०० मध्ये एक असा धरतात. दोन सिझर झालेल्या बायकांवरचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये जे आकडे आले त्यात शंभरात ७१ जणींचं नॉर्मल झालं आणि पिशवी फाटण्याचं प्रमाण शंभरात सव्वा ते दीड. ब्रिटनमधल्या आणि अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटना दोन सिझरनंतर थेट दार बंद करत नाहीत, नीट पारखून आणि नीट सोय असलेल्या ठिकाणी करा म्हणतात. आधी एखादं नॉर्मल झालेलं असेल तर चान्स आणखी वाढतो, ते तुमच्याकडे नाही. पण तुमचं पहिलं कारण पायाळू बाळ, म्हणजे दर वेळी येईलच असं नाही, दुसऱ्याला तर धड कारणच नव्हतं, आणि दोन बाळंतपणांत अंतरही भरपूर पडतंय (दीड वर्षाच्या आत असेल तर टाक्याचा धोका वाढतो). हे सगळं तुमच्या बाजूचं आहे.

माझ्या तिसऱ्या वेळी मी तीन डॉक्टर फिरले. पहिले म्हणाले दोन सिझर म्हटल्यावर विषयच नाही. दुसऱ्या मॅडम इतक्या गोड, "तुम्ही फिट आहात, करून बघू की", मी तर बाहेर येऊन नवऱ्याला पेढे आणायला सांगायची बाकी होते. तिसऱ्या एका मेडिकल कॉलेजच्या वयस्कर मॅडम, त्या काही बोलल्याच नाहीत आधी, फक्त हात पुढे केला. "ओटी नोट?" मी डिस्चार्ज कार्ड दिलं. "हे नाही, ऑपरेशन करताना लिहितात ती. ती आणा, मग बोलू." मला तेव्हा त्यांचा एवढा राग आला होता!

दोन खेपा घालून २०१८ ची नोट मिळाली. डॉक्टरी अक्षर, अर्धं लागत नव्हतं. मॅडमनी बोट ठेवून एक ओळ वाचून दाखवली. बाळाचं डोकं निघेना म्हणून आडवा छेद मधोमध वरच्या बाजूला वाढवला होता, उलट्या टी सारखा. म्हणजे माझ्या पिशवीवर तोच जुन्या काळचा उभा छेद होता, चार वर्षं, आणि मला कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. अशा छेदानंतर कळा काढू देत नाहीत, टाका फाटायचा धोका कितीतरी जास्त असतो. मॅडमनी ३७ आठवड्यांची तारीख दिली, कळा सुरू व्हायच्या आतली. मी घरी येऊन खूप रडले आणि मग त्या गोड मॅडमचं "करून बघू" आठवून अंगावर काटा आला.

म्हणून तुमच्या मॅडमचा राग आत्ता बाजूला ठेवा आणि आधी दोन्ही ओटी नोट मिळवा. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रेकॉर्ड तीन वर्षं ठेवावं लागतं आणि पेशंटनं मागितलं की ७२ तासांत द्यावं लागतं. तुमच्या दुसऱ्या सिझरला साडेतीन वर्षं झालीत, म्हणजे मुदत संपलीये, पण बरेच जण जास्त ठेवतात, माझ्या वेळी चार वर्षांनी मिळाली. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, फोनवर विचारत बसू नका. माझ्या पहिल्या सिझरचं हॉस्पिटल तर बंदच पडलं होतं, तिथलं काही मिळालं नाही.

नोटमध्ये आडवा छेदच निघाला तर पुढचा प्रश्न, कुठे. आणि इथे मला तुमच्या मॅडमची बाजू घ्यावीशी वाटते, तुम्हाला आवडणार नाही. पिशवी फाटली तर मिनिटांत पोट उघडावं लागतं. पहिली खूण बहुतेक वेळा बाळाच्या ठोक्यांत दिसते, म्हणून कळा चालू असताना मॉनिटर सतत लागतो, दर अर्ध्या तासाला ठोके ऐकून भागत नाही. तालुक्याच्या नर्सिंग होमला भूलतज्ज्ञ फोन करून बोलवावे लागतात, ते तीन-चार हॉस्पिटल सांभाळतात, रात्री दोनला ते दुसऱ्याच ओटीत असले तर? रक्त जिल्ह्याहून आणायचं. अशा ठिकाणी दोन सिझरवाल्या बाईला नाही म्हणणारी डॉक्टर प्रामाणिक आहे. सिझर पैशासाठी करतात हे लोक सर्रास बोलतात, काही ठिकाणी खरंही असेल, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत देशात खाजगी दवाखान्यांतल्या शंभर बाळंतपणांत ४७ सिझर होती आणि सरकारीत १४, पण प्रत्येक "नाही" त्यातलाच नसतो. फक्त फाईल उघडून, कारण सांगून नाही म्हणायला हवं होतं, एवढं मात्र खरं.

तेव्हा ज्या ठिकाणी भूलतज्ज्ञ चोवीस तास आवारात असतात, रक्तपेढी आहे, बाळासाठी एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) आहे, तिथे एकदा दाखवा. मोठं सरकारी मेडिकल कॉलेज असेल तरी चालेल, गर्दीला भिऊ नका. शेवटचे आठवडे राहायला त्या शहरात कुणी नातेवाईक आहे का तेही आत्ताच बघा, घाटातून दीड तास कळा घेऊन जायचं नाहीये.

सोनोग्राफीत वार कुठे आहे ते आवर्जून विचारा. वार खाली, पिशवीच्या तोंडावर असेल तर नॉर्मल नाहीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती जुन्या टाक्यात रुतलेली असू शकते. अमेरिकेत ३० हजार सिझरचा अभ्यास २००६ मध्ये आला, त्यात वार खाली असणाऱ्यांपैकी तिसऱ्या सिझरच्या वेळी शंभरात ४० जणींची वार रुतलेली निघाली. वार वर असेल तर हा धोका शंभरात एकाच्याही आत. आणि कुणी सोनोग्राफीत जुन्या टाक्याची जाडी मोजून "टाका इतके मिमीच उरलाय" म्हणून घाबरवलं तर लक्षात ठेवा, कितीच्या खाली म्हणजे धोका यावर डॉक्टरांचंच एकमत नाहीये, नुसत्या त्या एका आकड्यावर काही ठरवू नका.

आणि हो, नववा लागला की घरातल्या बायका एरंडेल पाजायला उठतात, कळा लवकर याव्यात म्हणून. तुम्ही अजिबात घेऊ नका. कळा आणायच्या गोळ्या, मिसोप्रोस्टॉलच्या, त्याही आधीचं सिझर असताना चालत नाहीत, कुणी देत असेल तर तिथून उठा. दोन कळांच्या मधेही न थांबणारं पोटात दुखणं किंवा अंगावरून रक्त जाणं असं काही झालं तर वाट न बघता हॉस्पिटल.

माझी तिसरी आता शाळेत जाते. त्या ओळीचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे आणि नवऱ्याच्याही, जाऊबाईंना पण पाठवून ठेवलाय, कधी मी बेशुद्ध असले तर निदान कुणीतरी दाखवेल. तुमची नोट मिळाली की "पिशवीवरचा छेद" कुठला लिहिलाय ती ओळ शोधा, साधारण बाळ बाहेर काढल्याच्या ओळीच्या जरा आधी असते. अक्षर लागलं नाही तर तुमच्याच मॅडमकडे न्या, त्या वाचून दाखवतील.