नवं ग्राफिक्स कार्ड टाकलं, तरी एफपीएस तेवढेच?

प्रश्न : नमस्कार. माझ्या पीसीत आय५-७४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड होतं. बरेच महिने पैसे साठवून आरटीएक्स ४०६० घेतलं, जुने ड्रायव्हर काढून नवे टाकले, आणि गेम लावला तर शहरातल्या गर्दीत तेच ४५-५० एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम), मधेच झटके, सगळी सेटिंग्ज लो केली तरी आकडा हलत नाही. प्रोसेसर ९५ टक्क्यांच्या वर दिसतो आणि कार्ड जेमतेम ४५. कार्ड खराब निघालं का? परत करू का?

उत्तर : परत करू नका, कार्ड चांगलं आहे. सेटिंग्ज लो केल्या तरी आकडा हलला नाही असं तुम्ही लिहिलंय ना, उत्तर तिथेच आहे. सेटिंग्ज उतरवल्या की कार्डाचं काम हलकं होतं, म्हणजे कार्ड कमी पडत असतं तर एफपीएस लगेच वर गेले असते. ते गेले नाहीत, कारण अडतंय प्रोसेसरपाशी.

प्रत्येक फ्रेमच्या आधी गर्दीतला कोण कुठे चाललाय, कुठली गाडी वळतेय हे सगळं प्रोसेसर ठरवतो आणि मग काय काढायचं ते कार्डाला सांगतो. ५० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला २० मिलिसेकंद, त्यात तुमचं कार्ड साधारण ९ मिलिसेकंद काम करतंय आणि बाकी वेळ नुसतं वाट बघत बसतंय. आय५-७४०० हा २०१७ चा, ४ कोअर ४ थ्रेडचा (म्हणजे एका वेळी चारच कामं करणारा) प्रोसेसर आणि कार्ड २०२३ चं, त्यामुळे हे होणारच होतं. (ज्यांच्याकडे ८-१२ कोअर आहेत त्यांनी एकूण टक्केवारीवर जाऊ नका, एकच कोअर १०० ला टेकलेला असतो आणि वरून आकडा ३० दिसतो. कार्डाचा वापर बघा, तोच खरं सांगतो.)

आता आधी काय बदलायचं, तर रॅम. एकच स्टिक असली की मेमरी सिंगल चॅनेलवर चालते, म्हणजे प्रोसेसरला डेटा निम्म्या वेगाने मिळतो, आणि ८ जीबी भरली की विंडोज डिस्कवरून काम चालवायला लागतं, तुमचे झटके बरेचसे त्याचेच असणार. ८-८ च्या दोन सारख्या स्टिक घ्या. मदरबोर्डावर ४ स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांत प्रोसेसरपासून मोजत दुसरा आणि चौथा वापरायचा, एकदा मॅन्युअल बघून घ्या. खूप जास्त स्पीडची रॅम घेऊ नका, हा प्रोसेसर २४०० स्पीडच्या रॅमसाठीच आहे.

रॅमनंतरही कमी वाटलं तर त्याच बोर्डावर आय७-७७०० बसतो, ४ कोअर पण ८ थ्रेड, गर्दीच्या गेममध्ये फरक नक्की कळतो. आठव्या पिढीचा प्रोसेसर (आय७-८७०० सारखा) मात्र घेऊ नका, सॉकेटचं (प्रोसेसर बसतो त्या जागेचं) नाव ११५१ च असलं तरी तुमच्या बोर्डावर तो चालणार नाही, आणि हे बघून फसलेले लोक मला खूप भेटलेत, वाईट वाटतं.

तोवर सेटिंग्ज उलट्या करा. टेक्स्चर आणि रिझोल्यूशन खुशाल वाढवा, तो भार कार्डावर जातो आणि ते निम्मं रिकामंच आहे. गर्दीची घनता, लांबचं किती दिसावं ते आणि रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा हिशोब) खाली आणा किंवा बंद करा, ते प्रोसेसरला जड जातात. डीएलएसएसच्या साध्या मोडने (चित्र कमी रिझोल्यूशनवर काढून मोठं करायची सोय) काही वाढणार नाही, कारण तो कार्डाचं काम कमी करतो. फ्रेम जनरेशनने (मधल्या फ्रेम कार्ड स्वतःच बनवतं) आकडा वाढेल, पण माउसला गेम तेवढाच जड वाटेल.

कार्डाची माहिती बघताना 'एक्स८' दिसलं तर घाबरू नका, ४०६० ला ८ च लेन (डेटा जायच्या वाटा) असतात.

रॅम टाकायच्या आधी गेममधल्या एका चौकात दोन मिनिटं फिरा, एफपीएस आणि कार्डाचा वापर लिहून ठेवा, आणि टाकल्यावर त्याच चौकात, त्याच सेटिंग्जवर परत फिरा. दोन्ही आकडे मला कळवा, आय७ ला पैसे घालायचे का ते त्यावरून सांगतो.