परत न आलेला सॅल्यूट

‘फौजेतून घरी आल्यापासून ह्यांना सगळ्यांचा रागच येतो,’ हे वाक्य साताऱ्यात समुपदेशन करणाऱ्या माणसाला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकावे लागते. कधी ते पत्नी म्हणते, कधी म्हातारी आई म्हणते, तर एकदा बारावीतल्या मुलीने ते चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर ठेवले होते. तक्रारीचा तपशील घराघराप्रमाणे बदलतो, पण तिच्या मुळाशी ‘मला कोणी विचारत नाही’ हीच सल असते. हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येत असल्यामुळे, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, एका हवालदारसाहेबांची हकिगत येथे मांडत आहे.

आपल्या जिल्ह्याला फौज नवी नाही. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंगे गावचे 46 जवान धारातीर्थी पडले आणि त्या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला. देशातील पहिली सैनिक शाळा 1961 साली साताऱ्यातच सुरू झाली. मुलगा भरती झाला की गावात पेढे वाटले जातात. मात्र तो चाळिशीच्या आसपास निवृत्त होऊन परत येतो तेव्हा पुढची वीस वर्षे त्याने काय करायचे, याचा विचार घरात फारसा झालेला नसतो. पेन्शन असते, अंगात ताकदही असते, आणि बहुतेकदा ही ताकद कुठल्या तरी बँकेच्या, सोसायटीच्या नाहीतर कारखान्याच्या फाटकावर उभी राहते.

आमचे हवालदारसाहेब असेच चोवीस वर्षांची नोकरी करून आले होते आणि एमआयडीसीतील एका कारखान्याच्या मुख्य फाटकावर सुरक्षारक्षक म्हणून काम करीत होते. पत्नीने त्यांना जवळजवळ ओढूनच आणले होते. ते खुर्चीच्या कडेवर ताठ बसले आणि म्हणाले, “मॅडम, मला काही झालेलं नाही. त्या गाड्यांत बसणाऱ्यांना शिस्त नाही, एवढंच.”

ज्या विचारपद्धतीवर माझा भर आहे, तिच्यात माणसाच्या वाक्यातला ‘च’ पकडायला शिकवतात. ‘लोकांनी मला मान द्यावा’ ही इच्छा झाली. ‘लोकांनी मला मान दिलाच पाहिजे’ हा हट्ट झाला, आणि मनस्ताप बहुधा त्या एका अक्षरातून येतो. मराठीत हे अक्षर इतके ठळक ऐकू येते की आपली भाषा जणू या कामासाठीच घडली असावी, असे मला नेहमी वाटते. हवालदारसाहेबांच्या बोलण्यात तर त्याची रांगच लागली होती. “गाडी आत येते, मी कडक सॅल्यूट मारतो. साहेबानं बघितलंच पाहिजे की नाही? काच तरी खाली केलीच पाहिजे!”

पहिल्या दोन भेटी मी या ‘च’च्या मागे लागण्यात घालवल्या. काच खाली केलीच पाहिजे असे कुठे लिहिले आहे, हा माझा ठेवणीतला प्रश्नही विचारून झाला. ते माझ्याकडे दयेने पाहत राहिले. ही वाट चुकली आहे, एवढे मला कळले होते. ती कुठे चुकली ते कळत नव्हते.

तिसऱ्या भेटीत मी शिकवायचे सोडले आणि म्हणाले, “मला फौजेतलं काही कळत नाही. सॅल्यूट नेमका कसा असतो, ते दाखवाल का?”

त्यांचा चेहरा खुलला. उभे राहून त्यांनी टाचा जुळवल्या, उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच थांबला. “नाही, मॅडम. डोक्यावर टोपी नाही. उघड्या डोक्यानं आमच्यात सॅल्यूट करत नाहीत, नुसतं सावधान उभं राहतात.” मग बसल्या बसल्या हातवारे करीत त्यांनी मला पाऊण तास शिकवले. लष्कराचा तळवा समोर उघडा दिसतो, नौदलाचा खाली वळलेला असतो, आणि हवाई दलाने 2006 पासून या दोन्हींच्या मधला, पंचेचाळीस अंशांचा सॅल्यूट घेतला आहे. दोरखंड आणि डांबर यांनी मळलेला हात दिसू नये म्हणून नौदलाने तळवा खाली वळवला, असे सांगतात, हेही त्यांनी हसत सांगितले. तीन भेटींत मी त्यांना प्रथमच हसताना पाहत होते.

“आणि हवालदाराला कोण सॅल्यूट करतं?” मी विचारले.

“कोणी नाही. सॅल्यूट माणसाला नसतो, कमिशनला असतो. राष्ट्रपतींनी अधिकाऱ्याला जे कमिशन, म्हणजे अधिकारपत्र, दिलंय, त्याला. समोर बावीस वर्षांचा लेफ्टनंट असला तरी मी सॅल्यूट करणार. त्यात कमीपणा काय?”

“मग तो लेफ्टनंट काय करतो?”

“परत करतो. करावाच लागतो. चार अधिकारी एकत्र असले तर त्यांच्यातला सगळ्यात सीनियर उत्तर देतो. पण परत येतोच, मॅडम.”

तो ‘च’ ऐकला आणि मला माझी चूक दिसली. या माणसाचा ‘च’ हट्टाचा नव्हता, नियमाचा होता. मी जिथे लहरी मागणी शोधत होते तिथे चोवीस वर्षे रोज पाळला गेलेला करार उभा होता. हवालदाराला हाताखालचे जवान सॅल्यूट करीत नाहीत, म्हणजे या गृहस्थांना उभ्या नोकरीत जेवढे सॅल्यूट मिळाले ते सगळे वरिष्ठांकडून परत आलेले होते. हाताखालचा माणूस वरच्याला मान देतो, हे आपण नागरिक जाणतो. वरच्याने तो तिथल्या तिथे परत करायचा असतो, ही सॅल्यूटची दुसरी बाजू आपल्या ध्यानात येत नाही. फाटकावर त्यांना हात वर करण्याची लाज कधीच वाटली नव्हती. त्यांना टोचत होती ती काळी काच, जिच्या आड आपला सॅल्यूट कोणी पाहिला की नाही हेसुद्धा कळत नव्हते.

हे मी त्यांना माझ्या शब्दांत सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “घरी पण तेच आहे. मी ड्यूटीवरून येतो, पोरगा मोबाइलमधून मान वर करत नाही.”

त्यावर कोपऱ्यात बसलेल्या वहिनी, ज्या तीन भेटींत दहा वाक्येही बोलल्या नव्हत्या, त्या म्हणाल्या, “अहो, मी रोज दारात विचारते, दमलात का, चहा टाकू का. तुम्ही कधी उत्तर दिलंय? तुम्ही बूट काढता आणि आत जाता.”

अशा वेळी समुपदेशकाला बोलण्याचा मोह होतो. मी आवरला, आणि तो आवरता येण्यासाठी मला या खुर्चीत पंधरा वर्षे बसावे लागले आहे, हे थोड्या अभिमानाने नमूद करते. भिंतीवरच्या पंख्याचा आवाज तेवढा येत होता. हवालदारसाहेब आपल्या तळव्याकडे पाहत होते.

“घरात सीनियर मीच की,” ते अखेर म्हणाले. “परत करायचं काम माझं होतं.”

यापुढच्या चार भेटींचे वर्णन करीत नाही. त्यांत सराव होता आणि सराव वाचायला कंटाळवाणा असतो. मात्र अशा घरांना मी काय सांगते, ते सविस्तर सांगायला हवे.

निवृत्त सैनिकाला ‘ही काय तुमची छावणी नाही’ असे घरातल्यांनी चुकूनही म्हणू नये. हे वाक्य खरे असले तरी, ज्या एका ठिकाणी त्याच्या वागण्याला अर्थ होता ते ठिकाण ते हिरावून घेते. तो सकाळी ‘जय हिंद’ म्हणाला तर हसू नका, उत्तर द्या. त्याला दोन सेकंद लागतात. मुलांनी सावधान उभे राहण्याची गरज नाही, पण बाप घरात आल्यावर मान वर करून पाहणे हा काही लष्करी कायदा नव्हे, ती साधी घरातली रीत आहे.

सैनिकाला स्वतःला मी वेगळे सांगते. तुमचा नियम चुकीचा नाही, तो फक्त इथे लागू नाही. फाटकातून आत जाणाऱ्या व्यवस्थापकाला कोणी ड्रिल शिकवलेले नाही. सॅल्यूट परत करायचा असतो हे त्याला माहीतच नाही, त्यामुळे तो तुमचा अपमान करीत नसून निव्वळ अडाणी आहे. अडाण्यावर रागवायचे की नाही, हे तुम्ही ठरवू शकता. दुसरे असे की, नोकरीत सॅल्यूट करणे सक्तीचे आहे की सवयीने चालले आहे, हे एकदा विचारून घ्या. हवालदारसाहेबांनी विचारले, तेव्हा त्यांच्या कामाच्या यादीत वाहनांची नोंद, ओळखपत्र पाहणे आणि डिकी तपासणे एवढेच निघाले. सॅल्यूटचा उल्लेखही नव्हता. सहा महिने जो सॅल्यूट परत न आल्याने ते जळत होते, तो करावा असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

वरिष्ठ पदावरचे काही वाचक हे वाचत असतील, तर त्यांना एक विनंती आहे. तुमच्या फाटकावरचा माणूस माजी सैनिक असेल तर काच खाली करून मान हलवा. त्याला बक्षिसी देण्यापेक्षा हे स्वस्त पडते आणि त्याला ते अधिक कळते.

शेवटच्या भेटीला हवालदारसाहेब एकटेच आले, कारण वहिनींना चुलतभावाच्या लग्नाला जायचे होते. काच अजूनही खाली होत नाही, असे त्यांनी अगदी सहज सांगितले. त्यांनी स्वतःच मागून घेऊन मागच्या, मालाच्या फाटकावर बदली करून घेतली होती. तिथे मोटारी येत नाहीत, ट्रक येतात, केबिनच्या खिडकीतून ड्रायव्हर हात वर करून “राम राम, मेजर!” असे ओरडतात. आपल्या भागात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो.

“सुरुवातीला सांगायचो, बाबा रे, मी हवालदार आहे म्हणून,” ते म्हणाले. “आता मी पण हात वर करतो. पुढं बिल्टी बघतो.”