जुना कोड नवा करणारी मुलगी

प्रश्न : मुलगी जळगावला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली की मध्यरात्रीपर्यंत कुठल्यातरी अनोळखी लोकांचा जुना सी++ कोड ‘नव्या स्टँडर्डला’ आणत बसते. पैसा एक मिळत नाही. कॅम्पस मुलाखती तोंडावर आल्यात. बंद करायला सांगू का? – एक पालक, चोपडा

उत्तर : भाऊ, नमस्कार. बंद करायला सांगू नका. पण नेमकं काय करते ते जरूर विचारा.

सी++ या प्रोग्रामिंग भाषेचं पहिलं स्टँडर्ड, म्हणजे अधिकृत नियमावली, १९९८चं. २०११ मध्ये भाषा पार बदलली आणि तेव्हापासून दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती येते. जुन्या पद्धतीचा, तरी आजही रोज चालणारा कोड अफाट आहे. काही कॉलेजांच्या लॅबमध्ये तर अजून टर्बो सी++ हा कंपायलर (लिहिलेला कोड मशीनला समजेल असा करणारं सॉफ्टवेअर) आहे, म्हणजे पहिल्या स्टँडर्डच्याही आधीचा! (यावर न बोललेलं बरं.)

जुन्या कोडात ‘ऑटो_पीटीआर’ नावाचा पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणारा आणि काम झालं की ती जागा मोकळी करणारा) हमखास सापडतो. त्याची कॉपी केली की मेमरीची मालकी गुपचूप नव्या पॉइंटरकडे जाते आणि मूळ पॉइंटर रिकामा राहतो; तुम्हाला न विचारता सातबारा दुसऱ्याच्या नावावर चढावा, तसं. पुढे कुणी मूळ पॉइंटर वापरला की प्रोग्राम कोसळतो. २०११ मध्ये आलेल्या ‘युनिक_पीटीआर’मध्ये मालकी सोडायची तर ‘मूव्ह’ असं उघड लिहावं लागतं. २०१७ च्या स्टँडर्डमधून ऑटो_पीटीआर काढूनच टाकला. बदल दिसतो एका शब्दाचा, पण तो करताना प्रत्येक ठिकाणी मालक कोण हे दुसऱ्याचा कोड वाचून ठरवावं लागतं. नोकरीत पहिली काही वर्षं हेच काम असतं.

मात्र क्लँग-टायडीसारखं कोड आपोआप बदलणारं टूल फिरवून हजारो ओळी बदलायच्या आणि पाठवून द्यायच्या, असं चाललं असेल तर त्यात शिकणं नाही. मेंटेनर (तो कोड सांभाळणारे) ते परत पाठवतात, आणि बरोबरच करतात. लायब्ररीला (इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडला) जुने कंपायलरही सांभाळायचे असतात. किमान कोणतं स्टँडर्ड चालेल हे आधी विचारावं, टेस्ट चालवाव्यात, आणि एका वेळी एकच छोटा बदल द्यावा.

कॅम्पसची पहिली चाळणी अ‍ॅप्टिट्यूड आणि डेटा स्ट्रक्चर्सची असते, तिथे हा कोड कुणी बघत नाही. म्हणून सकाळ त्या तयारीला, रात्र या कामाला. स्वीकारल्या गेलेल्या दोन-तीन पुल रिक्वेस्टच्या (प्रोजेक्टला पाठवलेल्या बदलांच्या) लिंक बायोडेटात वर टाकायला सांगा. पैशाचं म्हणाल तर ‘गूगल समर ऑफ कोड’ या गूगलच्या खुल्या (ओपन सोर्स) कोडसाठीच्या उपक्रमात याच प्रकारच्या कामाला मानधन मिळतं. अर्ज साधारण मार्च-एप्रिलमध्ये घेतात, आणि त्या प्रोजेक्टमध्ये आधीपासून काम केलेल्यांचं पारडं जड असतं.