गणपतीत एक स्वाध्याय चुकला आणि…

प्रश्न : ताई, मी ४२ वर्षांची आहे. इचलकरंजीत एका सूतगिरणीच्या कार्यालयात हिशेब पाहते. ‘स्वयं’ या सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटीवाल्यांच्या, बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमांना दोनदा नाव घातलं. पहिल्यांदा मार्चअखेरच्या कामात सगळं राहून गेलं. दुसऱ्यांदा गणपतीत एक स्वाध्याय चुकला, मग मी ते उघडलंच नाही. आमच्याकडे महिन्याचा येणे-बाकीचा तक्ता करायला साहेब बाहेरून एका मुलाला बोलावतात. माझ्याच नोंदी घेऊन तो एक्सेलमध्ये पंधरा मिनिटांत तक्ता काढून देतो. ते मला यावं, एवढंच वाटतं. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणते, मीही शिकेन. नवरा म्हणतो, या वयात प्रमाणपत्र घेऊन बढती मिळणार आहे का? माझ्यात जिद्दच नाही का?

उत्तर : जिद्द नसलेलं माणूस दुसऱ्यांदा नाव घालत नाही. तेव्हा तो प्रश्न इथेच सोडून द्या.

आधी एक गोष्ट सांगते, जी तुम्हाला तेव्हाच कोणीतरी सांगायला हवी होती. बारा आठवड्यांच्या त्या अभ्यासक्रमात बारापैकी सर्वांत चांगल्या आठ स्वाध्यायांचेच गुण धरतात. एकूण गुणांत स्वाध्यायांचा वाटा २५ टक्के, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचा ७५. म्हणजे गणपतीत एक चुकला तेव्हा तुमचं काहीही गेलं नव्हतं. आणखी तीन चुकले असते तरी चाललं असतं. तुमचं पत्र वाचताना मला सर्वांत जास्त हळहळ याचीच वाटली.

अर्धवट सोडणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा आढावा २०१९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. २०१७-१८मध्ये नाव घातलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पुरा केला. निम्म्याहून अधिक लोकांनी तर तो एकदाही उघडला नव्हता. पैसे भरून प्रमाणपत्राच्या मार्गाने गेलेल्यांत मात्र ४६ टक्के शेवटपर्यंत पोचले. पैसे भरल्यामुळे ते टिकले, असं मला वाटत नाही. ज्याचं काही काम खरोखर अडलेलं असतं, तोच खिशात हात घालतो.

मी अठरा वर्षं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर संमंत्रक, म्हणजे मार्गदर्शन करणारी शिक्षिका, होते. रविवारी संमंत्रण सत्रं असायची. एका वर्षी मिरजेहून एकाच एसटीने पाच जण यायचे. त्यांत एक परिचारिका होती. रात्रपाळी संपवून ती थेट वर्गात यायची आणि झोप लागू नये म्हणून मागच्या खिडकीशी उभी राहून टिपणं काढायची. वही खिडकीच्या कट्ट्यावर, एका हाताने गज धरलेला. मी एकदा म्हटलं, अगं, पुस्तकं घरी मिळालीत ना, आजच्या दिवस झोपायचं. ती म्हणाली, “बाई, मी दिसले नाही तर हे चौघं संध्याकाळी दारात येतात.” पाचही जण पदवीधर झाले. त्यांच्यातलं कोणी फार हुशार होतं असं नाही. पण त्या गाडीत प्रत्येकाची जागा धरलेली असायची.

ऑनलाइन शिकताना ही एसटी नसते, तिथेच माणूस सुटतं. २०२१च्या जुलैत मी स्वतः, ५४व्या वर्षी, संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम घेतला. चौथ्या आठवड्यात व्हिडिओ तीन-तीनदा मागे नेऊनही काही कळेना. तेव्हा माझी एक जुनी विद्यार्थिनी दर मंगळवारी रात्री फोन करायची, “बाई, झाला का स्वाध्याय?” तिला ‘नाही’ म्हणायचं मला जड जायचं. मी परीक्षेला बसले ती त्या फोनमुळे.

तुमच्या यजमानांचं म्हणाल, तर प्रमाणपत्राने बढती मिळेल असं मीही सांगू शकत नाही. पण तुम्ही बढती मागितलेलीच नाही. स्वतःच्या नोंदींचा तक्ता स्वतःच्या हाताने काढायचा आहे, हे तुम्ही पत्रात स्पष्ट लिहिलंय. मोठ्या वयात शिकण्याला याहून पक्कं कारण मला माहीत नाही. प्रमाणपत्राची ओढ महिनाभर पुरते, पण हा तक्ता दर महिन्याला तुमच्यासमोर येणारच आहे.

जानेवारीचं सत्र घेऊ नका. हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला मार्च चुकत नाही. जुलैचं घ्या, आणि त्यात आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम मिळाला तर तो निवडा. तिथे आठपैकी सहाच स्वाध्याय धरतात, त्यामुळे गणपतीही सुखाने होतील. मैत्रिणीचं आणि तुमचं नाव एकाच दिवशी घाला. स्वाध्यायाची मुदत बहुधा बुधवारी रात्री संपते. दोघींनी मंगळवारी डबा खाताना तो उघडून बसायचं. एखादीचा झाला नसेल तर दुसरीने कारण विचारायचं नाही, पुढचा कधी करायचा ते विचारायचं.

आणि उद्याच एक काम करा. त्या मुलाकडून गेल्या महिन्याचा तक्ता मागून घ्या. छापील कागद नको, फाईलच मागा. चौकटीवर क्लिक केलं की त्याने घातलेलं सूत्र वर पट्टीत दिसतं.