वाचकांचे प्रश्न : फणसाचं पीठ, ग्लुकोमीटर आणि सीए-१२५

प्रश्न : कच्च्या फणसाच्या पिठाने मधुमेह आटोक्यात येतो हे ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ झालंय, असं पाकिटावर छापलेलं असतं. आमच्या तर दारातच फणस आहे. हे पीठ सुरू केलं तर बाबांच्या गोळ्या कमी होतील का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : पीठ खायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर गोळी कमी करू नका. पाकिटावरच्या दाव्यामागे खरोखरच एक अभ्यास आहे. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलममध्ये ४० मधुमेहींवर तो झाला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला १२ आठवडे रोज ३० ग्रॅम कच्च्या फणसाचं पीठ दिलं, दुसऱ्याला तुलनेसाठी वेगळं पीठ. कोणाला कोणतं पीठ मिळतंय हे रुग्णांनाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. अभ्यासाची ही रचना चांगली आहे आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

आता निकाल बघा. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीए१सी फणसाच्या गटात सरासरी ०.२५ ने उतरलं, तर दुसऱ्या गटात ०.०२ ने वाढलं. हा फरक निव्वळ योगायोगाचा नसावा असं संख्याशास्त्र सांगतं. पण ०.२५ म्हणजे ८ चं ७.७५. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीने हाच आकडा साधारण १ ने उतरतो. शिवाय एकाच रक्ताची दोनदा तपासणी केली तरी ०.२ चा फरक पडू शकतो. म्हणजे एकट्या बाबांच्या रिपोर्टमध्ये ०.२५ चा फरक दिसला, तर तो पिठामुळे आहे की तपासणीतला, हे कोणीच सांगू शकणार नाही. आणि हे रुग्ण आपल्या गोळ्या घेतच होते. ‘गोळ्यांऐवजी पीठ’ हा प्रश्न या अभ्यासाने विचारलेलाच नाही.

पाकिटावर सहसा न येणारी आणखी एक गोष्ट आहे. हे पीठ जेवणात जास्तीचं घातलेलं नव्हतं, तेवढंच तांदळाचं किंवा गव्हाचं पीठ काढून त्या जागी वापरलं होतं. नेहमीच्या दोन भाकऱ्या खाऊन वर फणसाच्या पिठाची धिरडी खाल्ली, तर हा निष्कर्ष लागू होत नाही. पिकलेले कापे-बरके गरे किंवा फणसपोळी यांना तर नाहीच नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय फणस कुठल्याही रूपात वाढवू नये, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. बाबा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील, तर भात-भाकरी कमी केल्यावर साखर खाली घसरू शकते. तेव्हा बदल करण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

असा दावा पुन्हा वाचनात आला, तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत तो अभ्यास शोधा. १५ जून २००९ पासून भारतातल्या औषध-चाचण्यांची तिथे नोंद करणं सक्तीचं आहे, आणि आहारावरचे बरेच अभ्यासही तिथे सापडतात. संकेतस्थळ सर्वांना खुलं आहे. दोन रकाने बघा : नोंदणीची तारीख पहिला रुग्ण घेण्याआधीची आहे का, आणि ‘मुख्य निष्पत्ती’ म्हणजे मुख्यतः काय मोजणार म्हणून जे लिहिलंय तेच पुढे जाहीर केलंय का. हे इतकं महत्त्वाचं का? वजन, कोलेस्टेरॉल, झोप अशा १८ गोष्टी मोजल्या, तर एखादी तरी केवळ योगायोगाने ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता साधारण ६० टक्के असते. जॉन बोहॅनन या पत्रकाराने २०१५ मध्ये मुद्दाम असाच प्रयोग केला : जेमतेम १५ माणसं, १८ मोजमापं. ‘चॉकलेटने वजन लवकर उतरतं’ ही बातमी अनेक देशांतल्या वर्तमानपत्रांनी छापली.

प्रश्न : परवा सकाळी उपाशीपोटी घरच्या ग्लुकोमीटरवर साखर १३१ दाखवली. त्याच वेळी लॅबचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला, त्याचा रिपोर्ट ११४ आला. यंत्र बदलायचं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : एवढ्यात नको. ग्लुकोमीटरसाठी आयएसओ १५१९७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. २०१३ च्या आवृत्तीनुसार साखर १०० किंवा त्याहून जास्त असताना १०० पैकी ९५ मोजण्या प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत पडायला हव्यात. साखर १०० च्या खाली असेल, तर १५ मिलिग्रॅमच्या आत. ११४ चे १५ टक्के म्हणजे १७. तुमचं यंत्र काठावर आहे, पण मर्यादेत आहे.

आणि लॅबचाच आकडा बरोबर असं गृहीत धरू नका. नळीत घेतलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर वापरत राहतात. साध्या नळीत रक्त तसंच राहिलं, तर तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते. सातला घेतलेलं रक्त दहाला यंत्रावर चढलं, तर १३० ची ११० व्हायला तेवढा वेळ पुरतो. यासाठी राखाडी टोपणाच्या नळीत फ्लोराइड घातलेलं असतं, पण त्याचाही पूर्ण परिणाम व्हायला तास-दोन तास जातात, तोवर थोडी साखर घटतेच. म्हणून घरून रक्त नेणाऱ्याला दोन गोष्टी विचारा : साखरेसाठी राखाडी टोपणाची नळी आहे ना, आणि नमुना लॅबमध्ये किती वेळात पोचतो?

यंत्र नीट पडताळायचं असेल, तर ते घेऊन स्वतः लॅबमध्ये जा, आणि उपाशीपोटीच जा. जेवणानंतर बोटाच्या रक्तातली साखर शिरेच्या रक्तापेक्षा जास्त असते, त्यामुळे तेव्हाची तुलना फसते. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. आंबा किंवा केळं सोललेल्या बोटावरची साखर थेंबात उतरते आणि आकडा पार भलतीकडे जातो. सॅनिटायझरने ती साखर निघत नाही. बोटाच्या कडेला टोचा, जोरात पिळू नका, आणि शिरेतून रक्त घेतल्यापासून पाच मिनिटांच्या आत मोजा. असं तीन वेगवेगळ्या दिवशी करा. तिन्ही वेळा फरक एकाच बाजूला आणि १५ टक्क्यांहून जास्त आला, तर आधी पट्ट्यांची नवी डबी उघडून बघा. पावसाळ्यात डबीचं झाकण उघडं राहिलं की पट्ट्या ओल धरतात. दोष यंत्रात कमी आणि पट्ट्यांत जास्त वेळा सापडतो.

हिमोग्लोबिनही बघून ठेवा. अ‍ॅनिमियात अनेक ग्लुकोमीटर साखर खरीपेक्षा जास्त दाखवतात. लोहाच्या कमतरतेमुळे एचबीए१सीसुद्धा खोटं वर जाऊ शकतं.

प्रश्न : वय ४६, तक्रार काहीच नाही. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये सीए-१२५ ही कॅन्सरची तपासणी होती. माझा आकडा ५२ आला, मर्यादा ३५ लिहिली आहे. झोप उडाली आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : या एका आकड्यावरून अंडाशयाचा कर्करोग आहे असं कोणीच म्हणू शकत नाही. पाळीच्या दिवसांत, गर्भाशयातल्या गाठींमुळे म्हणजे फायब्रॉइडमुळे, एंडोमेट्रिऑसिसमुळे म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढल्यामुळे, यकृताच्या विकारात रक्तातलं सीए-१२५ हे प्रथिन वाढतं. आपल्याकडे पोटाचा क्षयरोग हेही एक कारण असतं. हा रिपोर्ट स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि रक्त दिलं त्या दिवशी पाळी चालू होती का ते सांगा. सोनोग्राफी किंवा पुन्हा तपासणी कधी करायची ते त्या ठरवतील.

मुळात तक्रार नसलेल्या, घरात कोणाला हा आजार नसलेल्या बाईची ही तपासणी पॅकेजमध्ये असायलाच नको होती, असं आमचं ठाम मत आहे. अमेरिकेत ७८,२१६ स्त्रियांवर याची मोठी चाचणी झाली. निम्म्यांची सीए-१२५ आणि सोनोग्राफीने दरवर्षी तपासणी केली, बाकीच्यांची नेहमीची देखभाल. २०११ च्या निकालात अंडाशयाच्या कर्करोगाने तपासणीच्या गटात ११८ आणि दुसऱ्या गटात १०० मृत्यू झाले होते. म्हणजे तपासणीने मृत्यू घटले नाहीत. उलट ३,२८५ स्त्रियांना खोटा इशारा मिळाला, त्यांतल्या १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांतल्या १६३ जणींना गंभीर गुंतागुंत झाली. कर्करोग नसताना. ब्रिटनमधल्या दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत तर आजार लवकरच्या टप्प्यावर सापडण्याचं प्रमाण वाढलं, तरीही २०२१ च्या निकालात मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. ‘लवकर सापडलं म्हणजे वाचलं’ हे प्रत्येक तपासणीबाबत स्वतंत्रपणे सिद्ध व्हावं लागतं.

आई, बहीण किंवा मावशीला अंडाशयाचा वा स्तनाचा कर्करोग झाला असेल, किंवा पोट सतत फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला लागणं असं आठवड्यांमागून आठवडे चालू असेल, तर मात्र हीच तपासणी उपयोगाची ठरते. तेव्हा वाट बघू नका.

प्रश्न : जागतिक आरोग्य संघटनेने चोरीससारख्या मांसाला तंबाखूच्या गटात टाकलंय म्हणे. मग चोरीस-पाव आणि सिगारेट सारखंच का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : नाही. २०१५ मध्ये संघटनेच्या कर्करोग संस्थेने मीठ लावून, मुरवून किंवा धुरी देऊन टिकवलेलं मांस तंबाखू असलेल्या गट १ मध्ये घातलं, आणि चोरीस म्हणजे गोव्यातलं डुकराच्या मांसाचं सॉसेज त्यात बसतं. पण गट सांगतो तो पुरावा किती पक्का आहे हे. धोका किती मोठा, हे गटावरून कळत नाही. रोज ५० ग्रॅम खाणाऱ्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. समजा आयुष्यभरात १०० पैकी ५ जणांना हा आजार होत असेल, तर त्यांचे साधारण ६ होतात. भारतात मूळ आकडा पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी आहे, म्हणून वाढही कमी. महिन्यातून एकदोनदा खाणाऱ्याने घाबरू नये. रोज न्याहारीला खाणाऱ्याने कमी करावा.

प्रश्न : सुई न टोचता साखर दाखवणारं घड्याळ ऑनलाइन मिळतंय. आजीसाठी घ्यावं का? ती इन्सुलिन घेते. (एक वाचक, लातूर)

उत्तर : घेऊ नका. त्वचा न टोचता स्वतःच साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. खोट्या २५० वर विसंबून आजींनी इन्सुलिनचा डोस वाढवला, तर साखर घसरून त्या बेशुद्ध पडू शकतात. दंडावर चिकटवलेल्या सेन्सरचे आकडे नुसते दाखवणारं घड्याळ वेगळं. त्या सेन्सरचा बारीक तंतू त्वचेखाली असतो. पण तो पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून आकडा रक्ताच्या ५ ते १५ मिनिटं मागे राहतो. आजींना घाम फुटला, हात थरथरले आणि सेन्सर ९५ दाखवत असला, तरी बोट टोचून खात्री करा. साखर ७० च्या खाली असेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्ध हरपली असेल, तर तोंडातून काहीही न देता थेट दवाखान्यात न्या.